काळी चारचा निळा

मला काळी चार, म्हणजे पेटीवरच्या चौथ्या काळ्या पट्टीचा सूर, निळी दिसते. म्हणजे डोळ्यांसमोर निळा डाग येतो असं नाही, लोकांना वाटतं सिनेमातल्यासारखा काहीतरी रंगीत धूर उठत असेल, तसं काही नसतं. आईची हाक ऐकली की आईचा चेहरा आपोआप मनात येतो ना, बोलवावा लागत नाही, तसा तो निळा येतो. मोरपिशीकडे झुकलेला, थोडा ओलसर. आणि पेटीवर तिच्या डाव्या हाताला, जेमतेम अर्धा स्वर खाली, पांढरी पाच बसलेली असते ती एकदम मातकट तपकिरी. दोघी शेजारणी, पण रंगाचं म्हणाल तर एकमेकींची ओळखसुद्धा नाही.

लहानपणी मला वाटायचं सगळ्यांनाच असं होतं. गाण्याच्या क्लासला एकदा म्हणून गेले, "सर, आज तंबोरा तपकिरी लागलाय." सर हसले, मग त्यांनी पेटीवर तपासलं तर तारा खरंच उतरल्या होत्या. त्यानंतर मात्र ते हसले नाहीत, फक्त एवढंच म्हणाले की पट्टी कुठलीही असू दे, सा हा सा असतो, तो रंगावरून नाही ओळखायचा. तेव्हा हे पटलं नव्हतं. पटायला वीसेक वर्षं आणि एक गोळी लागली, ते पुढे सांगते.

या सगळ्याला सिनेस्थेशिया म्हणतात हे कॉलेजात कळलं. आणि दुसरं जे आहे माझ्यात, बायपोलर डिसऑर्डर, म्हणजे मन कधी अति चढतं तर कधी पार खाली जातं तो आजार, ते कळलं सव्विसाव्या वर्षी. गंमत अशी की पहिली गोष्ट चारचौघांत सांगितली की सगळे खुर्च्या पुढे ओढतात, माझं नाव कुठल्या रंगाचं, माझा आवाज कुठल्या रंगाचा असं सुरू होतं. दुसरी सांगितली की तेच लोक खुर्च्या किंचित मागे घेतात. आणि दोन्ही एकदम सांगितल्या की हमखास कुणीतरी म्हणतं, "अच्छा, म्हणूनच तू एवढी क्रिएटिव्ह!" हे वाक्य मला मनापासून आवडत नाही. कौतुक असतं मान्य आहे, पण त्यात माझा रियाज कुठे गेला? आणि आजारपणात वाया गेलेले महिने कुठे गेले?

मुळात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिनेस्थेशिया हा आजार नाही, त्याला औषध नाही आणि ते लागतही नाही. खरा सिनेस्थेशिया ओळखायची एक साधी पद्धत आहे, माणसाला आज विचारायचं कुठल्या आवाजाचा रंग कोणता, आणि बऱ्याच दिवसांनी न सांगता परत तेच विचारायचं. ज्याला तो असतो त्याची उत्तरं जवळजवळ तीच येतात. म्हणजे त्याचा स्वभावच मुळी स्थिर आहे. आणि बायपोलरचा स्वभाव काय हे वेगळं सांगायला नको.

पण ही दोन्ही एकाच घरात राहतात, त्यामुळे एकमेकांच्या वस्तू वापरतात. तिथेच गोची आहे.

माझ्या फ्रिजचं उदाहरण देते. जिथे वीज ५० हर्ट्झची असते तिथे ट्रान्सफॉर्मर, फ्रिज, ट्यूबलाइटचे जुने चोक ही मंडळी साधारण १०० हर्ट्झवर गुणगुणतात. १०० हर्ट्झ म्हणजे पांढरी पाचच्या अगदी किंचित वर. म्हणजे माझ्या घरात चोवीस तास एक तपकिरी सूर लावून ठेवलेला आहे, फुकटचा तंबोरा. कधी त्याचा वैताग येतो, पण बहुतेक वेळा तो मागे असतो, भिंतीसारखा.

माझा मेनियाचा, म्हणजे त्या चढाचा, पहिला मोठा एपिसोड आला तेव्हा आधी हा फ्रिज बदलला. तपकिरीच होता, पण घासून लखलखीत केलेल्या पितळेसारखा. मला इतकं छान वाटलं! वाटलं कान उघडले, इतकी वर्षं मी बोळे घालून ऐकत होते. त्या आठवड्यात मी तीन तास झोपायचे आणि टुणकन उठायचे, दमणं नाही काही नाही. रंग मागवले, कागद मागवले, तीस कॅनव्हास मागवले जे ठेवायला घरात जागा नव्हती. आणि डोक्यात एकच, मारवा रंगवायचा. अख्खा मारवा, आलापापासून शेवटपर्यंत, प्रत्येक स्वराचा रंग, सलग.

मारवा ज्यांनी गायलाय त्यांना माहीत आहे, तो सूर्यास्ताचा राग, त्यात पंचम नाही, रिषभ कोमल, आणि सा ला टाळत टाळत जायचं असतं. रे आणि ध वर रेंगाळायचं, सा समोर दिसत असतो पण त्याच्यावर यायचं लांबवायचं. दिवेलागणीला घराबाहेरच घुटमळणाऱ्या माणसासारखा राग आहे तो. मी तो रात्री अडीचला गायचे, फोनवर रेकॉर्डिंग लावून, एका हातात ब्रश. तिसऱ्या रात्रीचं सत्तेचाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग माझ्याकडे अजून आहे. बरी झाल्यावर ऐकलं. सत्तेचाळीस मिनिटांत मी सा वर एकदाही आलेली नाही. एकदाही. आणि विसाव्या मिनिटापासून मी चढत गेले आहे, तंबोरा एकीकडे आणि मी एकीकडे, आणि मला त्याचा पत्ता नाही, उलट मध्येच स्वतःलाच "वा!" म्हटलेलं ऐकू येतं. ते "वा" ऐकवत नाही.

आणि तोपर्यंत रंग नुसते रंग राहिले नव्हते, निरोप झाले होते. फ्रिज पितळी वाजतोय म्हणजे आज पिवळ्या कपड्यातलं माणूस भेटणार आणि ते मला काहीतरी सांगणार. हॉर्न जांभळा वाजला म्हणजे या गल्लीतून जायचं नाही. हे आता लिहिताना मलाच हसू येतं पण तेव्हा त्यात शंकेला जागाच नव्हती, दोन अधिक दोन चार इतकं ते स्वच्छ होतं. आयुष्यभर माझ्यासोबत असलेल्या रंगांना आजाराने कामाला लावलं होतं.

अजून एक, मेनिया म्हटलं की लोकांना वाटतं नुसता आनंदीआनंद. माझा मेनिया चिडका होता. ताई समजवायला आली तर तिच्यावर इतकी ओरडले की शेजारी बाहेर आले. ताईनं नंतर, बऱ्याच महिन्यांनी, एक जोक केला, म्हणाली तू म्हणायचीस मारवा चाललाय, आम्हाला फक्त राग दिसत होता. आपल्या भाषेची ही कमाल आहे बघा, गायचा तोही राग, येतो तोही राग, आणि संस्कृतात ज्या धातूवरून तो आलाय त्याचा अर्थ रंगणं. मला हे तिन्ही एकाच आठवड्यात झालं.

बरी झाल्यावर मी ते कागद मोजले. त्रेसष्ट. सगळे भिंतीला लावून एक एक बघितले, ताईला पण बोलावलं कारण माझ्या नजरेवर माझा भरवसा नव्हता. दोन चांगले निघाले. खरंच चांगले, अजून फ्रेम करून लावलेत. बाकी एकसष्ट म्हणजे ओल्यावर ओलं, त्यावर अजून ओलं, सगळे रंग एकमेकांत जाऊन शेवटी जो एक गढूळ करडा होतो ना वॉटरकलरचा, तो. घाई होती ना. खालचा वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा थर, वाळायला दहा मिनिटं लागतात आणि माझ्याकडे तेव्हा दहा मिनिटं नव्हती, अख्खी रात्र होती पण दहा मिनिटं नव्हती.

त्रेसष्टात दोन. नॉर्मल दिवसांत माझ्या दहा कागदांत एखादा बरा निघतो, म्हणजे हिशेब केला तर मेनिया तोट्याचाच. संगीतकार शुमानबद्दल असंच काहीसं तपासलेलं मी नंतर वाचलं. त्याला नेमकं काय झालं होतं यावर अजून वाद आहेत, पण त्याची वर्षं बघितली तर चढ-उतार डोळ्यांत भरतात, १८४० या एका वर्षात शंभराहून जास्त गाणी, १८४४ मध्ये जवळजवळ काही नाही, १८४९ ला परत पूर. वाइसबर्ग नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९९४ साली हिशेब मांडला की चढाच्या वर्षांत रचना वाढल्या हे खरं, पण त्या वर्षांतल्या रचना जास्त चांगल्या होत्या का? तर तसं काही दिसलं नाही. संख्या वाढली, दर्जा होता तिथेच. मला हे वाचून एवढं हायसं वाटलं की काय सांगू. कारण गोळ्या घेताना मनात सतत भीती असते, की आपण आपली सगळ्यात चांगली चित्रं या ग्लासभर पाण्याबरोबर गिळतोय.

डिप्रेशनबद्दल फार लिहिणार नाही, त्यात लिहिण्यासारखं फार घडतच नाही. माझं साडेपाच महिने चाललं. फ्रिज तपकिरी आहे हे मला माहीत होतं, जसं आपल्याला एखाद्या देशाची राजधानी माहीत असते, पण तपकिरी येत नव्हता. जर्मनीतल्या एका टीमने २०१० मध्ये दाखवलंय की डिप्रेशनमध्ये डोळ्याच्या पडद्याचाच कॉन्ट्रास्टला मिळणारा प्रतिसाद कमी होतो, म्हणजे जग फिकं दिसतं हे फक्त म्हणायला नाही. माझ्या आवाजांचंही काहीतरी तसंच झालं असावं, हा आपला माझा अंदाज. पेटीवर धूळ बसली होती आणि त्या धुळीचाच रंग सगळीकडे होता. असो.

आता ती गोळी.

दुसऱ्या एपिसोडनंतर मला कार्बामाझेपिन सुरू झालं. फिट्सवरचं जुनं औषध, मूड स्टॅबिलायझर म्हणूनही देतात. आठेक दिवस झाले असतील, सकाळी किचनमध्ये गेले आणि जागच्या जागी थांबले. फ्रिज जांभळट राखाडी वाजत होता. तो रंग काळी तीनचा. मला घामच फुटला. झालं, परत सुरू झालं! मागच्या वेळीही फ्रिजपासूनच सुरुवात झाली होती. पण मग लक्षात आलं की यात लखलखाट नाही, निरोप नाही, काल झोप सात तास झालीय, डोकं थंड आहे. फक्त रंग चुकीचा आहे. डोअरबेल चुकीची, फोनची रिंग चुकीची, सगळं एक एक घर खाली सरकल्यासारखं. पेटी काढली. काळी चार दाबली, माझा निळा यायला हवा होता, आला तपकिरी. ट्यूनर ॲप लावलं, ॲप सांगतंय काळी चार. डोळ्यांना दिसतंय काळी चारवर ठेवलेलं माझं बोट. आणि कान म्हणतोय पांढरी पाच.

तेव्हाच्या डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी मान हलवली आणि लिहून घेतलं, आणि ते काय लिहितायत हे मला उलट्या अक्षरांतूनही कळलं. त्यांना तो भास वाटला. त्यांची फार चूक नाही म्हणा, माझी फाइल समोर उघडी होती आणि त्यात पिवळ्या कपड्यातली माणसं होती. पण राग आला (हा साधा, घरगुती राग). पुढच्या वेळी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले, मॅडम होत्या, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, शोधलं आणि म्हणाल्या, "अहो, हा साइड इफेक्ट आहे. दुर्मिळ आहे, पण नोंदलेला आहे." कार्बामाझेपिनने काही जणांना सूर साधारण अर्धा स्वर उतरलेला ऐकू येतो. अशा नोंदी जपानमधून जास्त आल्यात, आणि लक्षात येतं ते मुख्यतः ज्यांना पट्टी पाठ असते अशा लोकांच्या, कारण बाकीच्यांना सगळंच सारखं खाली गेल्यावर कळणार कसं? औषध बंद केलं की पूर्ववत होतं.

मला रडू आलं. वेड नाही लागलं म्हणून तर होतंच, पण कुणीतरी "अहो" म्हणून पूर्ण ऐकून घेतलं याचंही.

औषध लगेच बंद करता येत नाही, हळूहळू कमी करत दुसरं वाढवायचं असतं, ते स्वतःच्या मनाने तर अजिबात करायचं नसतं. म्हणजे आणखी काही आठवडे मला त्या उतरलेल्या जगात काढायचे होते. एका संध्याकाळी काय वाटलं कुणास ठाऊक, तंबोरा लावला, काळी चारलाच, आणि मारवा घेतला. त्या एपिसोडनंतर पहिल्यांदा. रंग सगळे चुकीचे होते. निळ्याच्या जागी तपकिरी, आणि पुढची सगळी रांगच सरकलेली. आणि मारवा? मारवा जसाच्या तसा. कारण तंबोराही उतरला होता आणि मीही, दोघींमधलं अंतर तेवढंच होतं. कोमल रिषभ सा च्या जितका जवळ असायचा तितकाच जवळ. सरांचं वाक्य तेव्हा पटलं. मी त्या दिवशी सा वर आले आणि बराच वेळ तिथेच बसून राहिले, तपकिरी सा वर.

त्या दिवशी आणखी एक कळलं. समोर वाजतेय काळी चार, कानाला लागतेय पांढरी पाच, आणि रंग येतोय तो कानाचा. म्हणजे रंग त्या पट्टीत नाही, तो माझ्यात आहे. कुणी म्हणेल हे सांगायला गोळी कशाला लागते, पण जिने आठवडाभर हॉर्नचे आदेश पाळलेत तिला लागते. मग मी वाचत सुटले. स्क्रियाबिन आणि रिम्स्की-कोर्साकोव्ह, दोघं रशियन संगीतकार, दोघंही स्वरसप्तकांना रंग लावायचे, पण सी मेजर नावाचं पाश्चात्त्य सप्तक एकाला लाल आणि दुसऱ्याला पांढरा. डी मेजर मात्र दोघांनाही पिवळा, तेवढ्यापुरतं जमलं. आपल्याकडे तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकरात सातही स्वरांना रंग दिलेत, षड्ज कमळाचा, गंधार सोन्याचा, पंचम काळा. ते वाचून मला फार बरं वाटलं, पण माझं काहीच जुळलं नाही. नाही जुळलं तरी चालतं हे आता कळलंय. विश्वाने मला काही कळवायचं असतं तर त्याने आधी या सगळ्यांचं एकमत केलं असतं.

आता लिथियमवर आहे. लिथियम म्हणजे तीन नंबरचं मूलद्रव्य, माझं औषध म्हणजे त्याचा साधा क्षार. ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी ते गिनीपिगना टोचून बघितलं, ते सुस्त झाले, मग पेशंटना दिलं, १९४९ मध्ये ते छापून आलं, आणि आजही ते औषध पहिल्या फळीत आहे. ज्योतीवर धरलं तर ते किरमिजी जळतं, म्हणजे माझ्या औषधालाही रंग आहे आणि हा रंग सगळ्यांना सारखा दिसतो. दर काही महिन्यांनी लेव्हल बघायची, शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं, किडनी आणि थायरॉइडवर लक्ष ठेवायचं, पाणी भरपूर प्यायचं, अंगदुखीची कुठलीही गोळी दुकानातून परस्पर घ्यायची नाही कारण काही पेनकिलरने लेव्हल चढते. औषध आणि विष यांच्यातलं अंतर इथे कोमल रिषभ आणि सा एवढंच आहे.

आणि हात थरथरतो. बारीक, सतत. बारीक ब्रशने सरळ रेघ आता येत नाही. सुरुवातीला फार जीव तुटला. मग एकदा कागदाला जवळ जाऊन बघितलं, अल्ट्रामरीनची रेघ, खरबरीत कागदावर. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि रंग दाणेदार दिसतो. माझ्या थरथरीने रेघेच्या दोन्ही कडा बारीक दातेरी झाल्या होत्या, आत निळे दाणे. आणि ती रेघ हुबेहूब तंबोऱ्याच्या तारेसारखी होती, छेडल्यानंतरच्या. तार वाजत असताना रेघ नसतेच ना ती, पुसट पट्टा असतो. मी वर्षानुवर्षं तंबोऱ्याच्या तारा फूटपट्टीने काढत होते. उगाच गोड करून सांगत नाहीये, चहाचा कप दोन हातांनी धरावा लागतो आणि चारचौघांत त्याची लाज वाटते, ते तसंच आहे. पण ती रेघ मात्र मला मिळाली.

काम आता संथ चालतं. दिवसाला एक आवाज, एक कागद. पहिला वॉश द्यायचा, दहा मिनिटं थांबायचं, खरंच थांबायचं, मग दुसरा. वहीत तारीख, झोप किती, फ्रिजचा रंग, आणि मग बाकीचं. झोप सलग दोन रात्री पाच तासांच्या खाली गेली की ब्रश बंद आणि डॉक्टरांना फोन, कारण झोप तुटली की पाठोपाठ मेनिया येऊ शकतो आणि तो येताना फार गोड दिसतो.

मध्ये ताईला स्वीडनच्या एका मोठ्या अभ्यासाबद्दल सांगत होते. २०११ चा, तीन लाख पेशंटच्या नोंदी. बायपोलर असलेले लोक कलेच्या व्यवसायात जास्त दिसतात हे तर निघालंच, पण त्यांची आजार नसलेली भावंडंही जास्त दिसली. म्हणजे जे काही देणं आहे ते आजाराशिवायही मिळतं बहुतेक. ताई अकाउंट्स बघते. ती म्हणाली, "म्हणजे माझ्या वाट्याचं पण तूच घेतलंस." मग थोडं थांबून, "आजाराचं म्हणतेय मी."

ती रोज रात्री फोन करते. तब्येत कशी आहे असं विचारलेलं मला आवडत नाही हे तिला माहीत आहे, म्हणून गेल्या तीन वर्षांत तिने तसं एकदाही विचारलेलं नाही. ती विचारते, "फ्रिज कसाय?"

"तपकिरी," मी म्हणते.

"नक्की ना? चकाकत वगैरे नाहीये?"

"नाही गं. मळका आहे. पुसायला झालाय."

"मग पूस की," म्हणते, आणि फोन ठेवते.